क्रूझवरची खोली कुठे घ्यावी?

समुद्र सफरीचं बुकिंग करायला गेलं की एजंट पहिला प्रश्न विचारतो, 'आतली, खिडकीची की बाल्कनीची?' आपण दर बघतो, खिसा चाचपतो आणि उत्तर देऊन मोकळे होतो. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. ही खोली बोटीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे? रात्री झोप लागणार की नाही, बोट लागणार की नाही, गुडघे दुखणाऱ्या आईला दिवसातून किती चालावं लागणार, हे सगळं त्यावर ठरतं. सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' ही क्रूझ बोट मुंबईहून सुटू लागली, तेव्हापासून हा विषय आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आला. अनेकांच्या बाबतीत हा निवृत्तीच्या पैशातून, आयुष्यात एकदा केलेला खर्च असतो.

बोट हलते कशी, ते आधी समजून घेऊ. घाटातून जाणाऱ्या एसटीचं उदाहरण घ्या. सगळ्यात मागच्या बाकावर बसलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो आणि मधल्या बाकावरचा डुलक्या काढतो. गाडी एकच, खड्डाही तोच. बोटीचंही असंच आहे. लाट समोरून आली की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं आणि मागची बाजू खाली जाते. मग उलट. मुलांच्या सी-सॉसारखं. मधे बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही, टोकावरच्याला सगळं जाणवतं. हिशेब अगदी सोपा आहे. बोट ३०० मीटर लांब असेल तर मध्यापासून टोक १५० मीटरवर. बोट फक्त एका अंशाने कलली तरी ते टोक अडीच मीटरहून जास्त वर जातं आणि तेवढंच खाली येतं. म्हणजे नाळेजवळच्या खोलीत झोपलेला माणूस रात्रभर जवळजवळ दीड मजला वर-खाली करतोय!

दुसरी हालचाल आडवी, या कुशीवरून त्या कुशीवर. ती उंचीबरोबर वाढते. माडाचा शेंडा जेवढा डोलतो तेवढा बुंधा डोलत नाही, तसंच. आधुनिक बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी 'स्टॅबिलायझर' नावाची पाती असतात. ती ही आडवी डोलणी बरीच कमी करतात. वर-खाली होणाऱ्या नाळेचं मात्र ती फारसं काही करू शकत नाहीत.

यातून गंमतीची गोष्ट निघते. सगळ्यात महागड्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, काही तर पार पुढे. तिथून देखावा छान दिसतो, पण हेलकावेही तिथेच जास्त. उलट खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली साधी खिडकीची खोली स्वस्तही असते आणि स्थिरही. ज्यांना बोट लागते त्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. खिडकी असावी, कारण क्षितिज दिसलं की बरं वाटतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, 'हलतोय' आणि बंद खोलीत डोळे सांगतात, 'छे, भिंत तर जागेवर आहे.' या भांडणातूनच मळमळ सुरू होते. आडवं पडलं की तीही कमी होते, त्यामुळे झोपण्यापुरतीच खोली वापरणाऱ्याला आतली, बिनखिडकीची खोलीही चालते. मात्र ती मध्यभागातली हवी. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी.

आता आवाजाचं बघू. माझ्या मते तक्रारींचं खरं मूळ इथेच असतं. बोटीचा नकाशा, म्हणजे 'डेक प्लॅन', कंपनी देते. तो मागून घ्यावा आणि आपली खोली जिथे आहे त्याच्या नेमका वरचा आणि नेमका खालचा मजला पाहावा. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढण्याचे आवाज येणार. वर बुफेचं स्वयंपाकघर असेल तर ढकलगाड्यांची खडखड. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत ढमढम. वरही खोल्या, खालीही खोल्या, अशी जागा सगळ्यात शांत. नकाशावर एखादी जागा नुसतीच पांढरी सोडलेली असेल तर तिला 'रिकामी' समजू नका. तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची कोठी किंवा कामाची जागा असते.

अगदी पुढच्या खालच्या खोल्यांना आणखी एक ताप असतो. बंदरात शिरताना बोट आडवी सरकवण्यासाठी नाळेत पंखे असतात, त्यांची घरघर पहाटे अलार्मपेक्षा भारी. नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट वेगळा. अगदी मागे प्रोपेलरची थरथर जाणवते. तरी मागच्या बाल्कनीतून दिसणारा पांढऱ्या फेसाचा लांबच लांब पट्टा काहींना इतका आवडतो की ते थरथर विसरतात. तो आवडीचा प्रश्न. पुढे तोंड असलेल्या काही खोल्यांना रात्री पडदे बंद ठेवावे लागतात, कारण कप्तानाच्या कक्षासमोर अंधार लागतो. समोरचा समुद्र बघायला जादा पैसे मोजायचे आणि रात्री पडदा ओढून बसायचं!

खिडकीच्या खोलीत आणखी एक मेख असते. काही खिडक्यांसमोर जीवनरक्षक होड्या टांगलेल्या असतात. तिथे 'अडलेला देखावा' असं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. उजेडापुरतीच खिडकी हवी असेल तर अशी खोली स्वस्तात चांगली.

डावी बाजू की उजवी? यावरून एक आख्यायिका आहे आणि ती थेट मुंबईशी जोडलेली आहे. 'पॉश' हा शब्द आपण पॉश वस्ती, पॉश ब्लॉक असा सर्रास वापरतो. सांगतात असं, की इंग्लंडहून मुंबईला येणारे धनिक साहेब पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवर येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेत, कारण तांबड्या समुद्रात त्या बाजूला दुपारचं ऊन कमी लागे आणि या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असत. गोष्ट झकास आहे, पण तसं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. उन्हाचा हिशेब मात्र बरोबर आहे. आज वातानुकूलन असल्याने त्याचं महत्त्व उरलेलं नाही. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे आणि सूर्यास्त उजवीकडे, येताना उलट. जाऊन-येऊन सफर असेल तर बाजूसाठी जादा पैसे देऊ नयेत.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर लिफ्टचं अंतर मोजा. मोठ्या बोटी अवाढव्य असतात. २०२४ मध्ये निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' जवळपास ३६५ मीटर लांब आहे. अशा बोटीवर टोकाची खोली मिळाली तर नाश्त्याला जायचं म्हणजे फेरफटकाच. लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून असलेली खोली उत्तम. अगदी लिफ्टला चिकटून नको, लोक मध्यरात्री तिथेच गप्पा मारत उभे राहतात. न्हाणीघराला उंबरठा असतो, त्याचीही चौकशी करावी. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी बिनउंबरठ्याच्या खास खोल्या असतात, पण मोजक्याच. त्या लवकर सांगून ठेवाव्या लागतात. चौघांची खोली म्हणजे बहुधा दोन पलंग आणि छतातून किंवा भिंतीतून उघडणाऱ्या दोन बर्थ. आजींना वर चढायला सांगणार का? त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खोल्या बघा. मधे दार असलेल्या जोडखोल्या कुटुंबाला सोयीच्या, पण शेजारी अनोळखी असेल तर त्या दारातून त्याचं घोरणंही ऐकू येतं.

शेवटी 'गॅरंटी' या शब्दाबद्दल. 'गॅरंटी केबिन' म्हणजे चांगल्या खोलीची हमी नव्हे. प्रकाराची हमी मिळते, जागा कंपनी ठरवते. म्हणून ती स्वस्त. ज्याला कुठेही झोप लागते त्याने खुशाल घ्यावी. ग्रुप टूरमध्येही खोल्यांचा गठ्ठा आधीच घेतलेला असतो, तेव्हा पूर्ण पैसे भरण्यापूर्वी खोलीचा क्रमांक मागा. क्रमांकाच्या सुरुवातीचे आकडे बहुधा मजला सांगतात. मधली खोली पसंत करून घेतली असेल तर 'वरच्या वर्गात फुकट बदली नको' असंही लेखी कळवा. नाहीतर बढतीच्या नावाखाली तुम्ही नाळेत जाऊन पोचाल.

आणि बोटीवर चढल्यावर, सामान लावण्याआधी, खोलीच्या दारामागची सूचना वाचा. संकटाच्या वेळी कुठे जमायचं ते तिथे लिहिलेलं असतं. त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा तिथपर्यंत एकदा जिन्याने, घरच्या सगळ्यांना घेऊन, चालून या.