तीस नजरांत शंभर कोटी

गूगलसारख्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअरची मुलाखत म्हणजे साधारण ४५ मिनिटं, समोर फळा किंवा कोरं डॉक्युमेंट, आणि एखादाच प्रश्न. लिहिलेला कोड चालवून बघायची सोय बहुधा नसते. प्रश्न कधी इतका साधा असतो की उमेदवाराला चेष्टाच वाटावी: अकारविल्हे लावलेल्या यादीत एक नाव शोधून दाखव.

यादी शंभर कोटी नावांची असू द्या. बरोब्बर मधलं नाव बघायचं. आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर? म्हणजे अर्धी यादी एका फटक्यात बाद. उरलेलीचा पुन्हा मध्य, पुन्हा निम्मी बाद. फार तर ३० नावं बघावी लागतात. तेवढ्यात नाव सापडतं, नाहीतर ते यादीत नाहीच हे पक्कं कळतं. आणि यादी दुप्पट केली तर? फक्त एक नाव जास्त! मला हे गणित अजूनही जादूटोण्यासारखं वाटतं. याला म्हणतात बायनरी सर्च.

कल्पना पाच मिनिटांत कळते. कोड लिहायला घ्या, मग गंमत. जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या वर्गांत हाच प्रश्न व्यावसायिक प्रोग्रॅमरना घातला, वेळही भरपूर दिला. जेमतेम दहा टक्के लोकांचं उत्तर बरोबर आलं, असं त्याने आपल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. कुणाचा कोड रिकाम्या यादीवर कोसळतो, कुणाचा दोनच नावं उरली की त्याच जागी गरगरत राहतो.

पण खरा कळस पुढे आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात बेंटलीने पहिल्याच तासाला पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हे लिहायला लावलं होतं. त्यांतला एक, जोशुआ ब्लॉक, पुढे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीचा शिल्पकार झाला. २००६ साली गूगलमध्ये असताना त्याने जाहीर केलं की जावासाठी त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती. तीच चूक बेंटलीच्या पुस्तकातही होती, आणि तिथे तर कोड बरोबर असल्याची सिद्धता दिलेली!

चूक कुठे? मध्य काढण्यात. पहिला क्रमांक अधिक शेवटचा, भागिले दोन. शाळेत आपण असंच शिकलो. पण जावाच्या नेहमीच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज हद्द ओलांडून चक्क ऋण होऊ शकते, आणि प्रोग्रॅम यादीतलं उणे कितीतरी क्रमांकाचं नाव मागायला लागतो. उपाय एका ओळीचा: दोन्ही टोकांतल्या अंतराचा निम्मा भाग काढून तो पहिल्या क्रमांकात मिळवायचा.

म्हणून जाणता मुलाखतकार उत्तरापेक्षा उमेदवार कुठे थबकतो ते बघतो आणि टिपून ठेवतो. गूगलमध्ये निवडीचा कौल देणाऱ्या समितीने उमेदवाराला बहुधा पाहिलेलंही नसतं. तिच्यापुढे असतात त्या टिपा. लिहायला सुरुवात करण्याआधी “यादी किती मोठी असू शकते?” असं विचारणाऱ्याची नोंद त्यात झालीच पाहिजे.