जोडावरचा भार

मोटारीच्या मागे जोडून ओढायचे आणि आत झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा शौचालयाचीही सोय असलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅरॅव्हॅन ट्रेलर. ज्यात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असतात त्या मोटार-कॅरॅव्हॅनपासून तो वेगळा असतो, कारण मुक्कामी पोहोचल्यावर त्याला सोडून मोटार मोकळी करता येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा एका आसाचा, दोन आसांचा, घडीचा, तंबूचा असे ओढून न्यायच्या घरांचे प्रकारही त्यात गणले गेले. त्यानंतर झालेली चर्चा मात्र मुख्यतः पलंग, फ्रीज आणि वातानुकूलन यांच्याभोवतीच फिरली. वस्तुतः अशा प्रवासाचे यशापयश घराच्या आत फारसे ठरत नाही. ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे घर यांच्यामध्ये जे हातभर लोखंड असते, त्यावर किती भार येतो आणि तो कोणत्या बाजूने येतो, यावर ते ठरते.

हे लोखंड समजून घेण्यासाठी फुलचूरसारखे ठिकाण सोयीचे आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावाच्या परिसरात मागे काहीतरी जोडून नेण्याची विद्या नवी नाही, कारण धानाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या कट्टे भरून राईस मिलच्या आणि खरेदी केंद्रांच्या दिशेने जात असतात. ट्रॉलीच्या आधी हेच काम बैलांची बंडी करीत होती. बंडी भरणाऱ्याला भाराचा नियम शाळेत शिकावा लागला नाही. माल आसाच्या मागे अधिक झाला की बंडी उलाळ होते, म्हणजे तिचे तोंड वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले जोते आवळते. माल पुढे अधिक झाला तर सगळा भार बैलांच्या खांद्यांवर बसतो. दोन चाकी ट्रॉलीतही हाच नियम लोखंडात उतरतो. मागे जड भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरची मागची चाके हलकी करते आणि चिखलात ती नुसती फिरू लागतात. पुढे प्रमाणाबाहेर भरलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, आणि मग स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही.

चाकांवरच्या घराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हौसेखातर बांधलेले पहिले कॅरॅव्हॅन म्हणून इंग्लंडमध्ये १८८५ सालच्या ‘वाँडरर’चा उल्लेख केला जातो, गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकासाठी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याने ते बांधले होते आणि ते घोडे ओढत असत. मोटारी आल्यावर घोड्यांची जागा इंजिनाने घेतली. पुढे अमेरिकेत वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ने ॲल्युमिनियमचा गोलाकार ट्रेलर प्रसिद्ध केला, आणि १९५९-६० मध्ये बायम यांच्या नेतृत्वाखाली ४१ ट्रेलरांचा ताफा केपटाऊनहून कैरोपर्यंत गेला. भारतात गाडीवर संसार घेऊन फिरण्याची रीत याहून कितीतरी जुनी आहे. गाडी लोहारांनी बैलगाडीलाच घर मानले, आणि लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देश पालथा घातला. त्यांचा प्रवास पोटासाठी होता, हौसेसाठी नव्हता. त्यामुळे त्यांना पर्यटनाच्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

ट्रॉलीचा जोड साधा असतो: ट्रॅक्टरच्या मागच्या पट्टीला भोक, ट्रॉलीच्या दांड्याला कडे, आणि दोन्हींतून वरून सोडलेली जाड पिन. भोक आणि पिन यांच्यात मुद्दाम ठेवलेली सैल जागा ट्रॉलीला खड्ड्यात वाकू देते, वळणावर फिरू देते आणि त्याचबरोबर प्रत्येक धक्क्याला खडखडते. या खडखडाटाने भोक लांबट होत जाते, पिन एका बाजूने झिजते, आणि कधीतरी वेल्डिंगवाल्याकडे नेऊन कडे भरून घ्यावे लागते. तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगात ही सैलता खपते. कॅरॅव्हॅनला ती खपत नाही, म्हणून तेथे पिनेऐवजी मोटारीच्या मागे पोलादी गोळा बसवलेला असतो (युरोपात त्याचा व्यास ५० मिलिमीटर ठरलेला आहे) आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी त्या गोळ्यावर बसून कुलपासारखी आवळली जाते. गोळा सर्व दिशांना फिरू देतो, पण सुटू देत नाही. तरीही दोन साखळ्या खालून एकमेकींना ओलांडून बांधलेल्या असतात, म्हणजे वाटी निसटलीच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडावा.

दांड्याच्या टोकाने गोळ्यावर टाकलेल्या उभ्या भाराला नाकभार म्हणता येईल. अमेरिकी प्रघातानुसार तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, म्हणजे १००० किलोच्या घरासाठी १०० ते १५० किलो. युरोपात, जेथे मोटारी लहान आणि ओढण्याचा वेग कमी, तेथे ५ ते ७ टक्के पुरेसे मानतात. नाकभार कमी पडला की ट्रेलर मागून डोलू लागतो. वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला ट्रक त्याला किंचित ढकलतो, त्याचे शेपूट एका बाजूला जाते, ते मोटारीच्या मागच्या भागाला उलट दिशेने ओढते, मोटार वळते आणि पुन्हा ट्रेलरला फेकते. विशिष्ट वेगाच्या खाली हे झोके आपोआप शमतात. त्या वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. सांगाड्याची लांबी, टायरांतील हवा आणि मालाची मांडणी यांवर तो वेग ठरत असल्यामुळे प्रत्येक जोडीचा तो निराळा असतो, आणि सकाळी सुरक्षित असलेली जोडी संध्याकाळी तशीच राहील याचीही खात्री नसते. आसाच्या पुढे ठेवलेली १०० लिटरची पाण्याची टाकी दिवसभरात रिकामी झाली, तर १०० किलो भार पुढून नाहीसा होतो आणि घर नकळत उलाळीकडे झुकते. बंडीवाल्याला हे बैलांच्या चालीवरून कळत असे. वातानुकूलित मोटारीत बसलेल्याला ते बहुधा पहिल्या झोक्यालाच कळते.

झोके सुरू झाल्यावर करायचे काम नैसर्गिक प्रतिक्रियेच्या विरुद्ध असते. मोटारीचा ब्रेक दाबला तर पुढचे वाहन थांबू लागते आणि मागचे त्याला ढकलते. स्टिअरिंग उलट-सुलट फिरवले तर झोक्यांना आणखी बळ मिळते. योग्य उपाय म्हणजे स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढणे, आणि ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील तर फक्त तेच लावणे. युरोपीय पद्धतीत वेगळीच युक्ती वापरतात. मोटार मंदावली की ट्रेलर गोळ्यावर पुढे रेटतो, हा रेटा दांड्यातील दट्ट्या आत ढकलतो आणि दट्ट्या ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. म्हणजे ढकलण्याचा दोषच थांबवण्याचे साधन होतो. ही यंत्रणा पाहताना तिच्या कर्त्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. तिचा हट्टीपणाही तितकाच आहे, कारण मोटार मागे घेताना हाच रेटा निर्माण होतो आणि ब्रेक नको तेव्हा लागतात, म्हणून उलट्या दिशेला ब्रेक आपोआप सोडणारी आणखी एक कळ त्यात घालावी लागली.

मागे घेणे हा तर स्वतंत्र विषय आहे. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावे लागते, मग योग्य क्षणी सरळ करून ट्रेलरच्या मागे जावे लागते. तो क्षण चुकला की दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी मिटतात आणि पुढे जाऊन नव्याने सुरुवात करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मिलच्या आवारात भरलेली ट्रॉली थेट थप्पीपाशी उलटी लावणाऱ्या ट्रॅक्टरचालकाकडे हे कौशल्य असते. पर्यटनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात त्याला शिक्षक म्हणून बोलावले जाण्याची शक्यता मात्र कमीच.

आता फुलचूरहून देशभर जाणारी वाट कशी आहे ते पाहावे. आमगाव-देवरीमार्गे दक्षिणेला उतरले की राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो, जो गुजरातेतील हजिऱ्याहून निघून धुळे, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी असा महाराष्ट्र ओलांडतो आणि रायपूर-संबलपूरमार्गे ओडिशातील पारादीपला पोहोचतो. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचा हा रस्ता लांबच्या प्रवासाला जणू मुद्दाम आखलेला वाटतो, आणि त्याच्या अमरावती-अकोला भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण साडेचार दिवसांचा अवधीही न घेता १०५ तास ३३ मिनिटांत झाल्याचा विक्रम नोंदला गेला. पश्चिमेला नागपूरपासून मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. रस्ता चांगला झाल्याने वेग वाढतो आणि ट्रेलरच्या बाबतीत नेमका तोच घात करतो: ६० ऐवजी ८० च्या वेगाने जाणाऱ्या जोडीतील गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट असते.

कायद्याची बाजू वाटते तितकी मोकळी नाही, तशी बंदही नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार ट्रेलर हे नोंदणीयोग्य स्वतंत्र वाहन आहे, आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही त्याच्यावर दिसला पाहिजे. म्हणजे एमएच-३५ या गोंदियाच्या क्रमांकाची मोटार पुढे असली तर मागच्या घरावर दोन ओळखी लागतात. परवान्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मधील नागशेट्टी प्रकरणात असे ठरवले की ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेला चालक केवळ मागे ट्रेलर जोडल्याने अपात्र होत नाही. तो निकाल विम्याच्या भरपाईसंबंधी आणि ट्रॅक्टरविषयी होता, त्यामुळे पर्यटकाने त्यावर विसंबून विमा कंपनीला न विचारता निघणे शहाणपणाचे नाही. मोटार मुळात किती वजन ओढू शकते, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा.

विजेचा हिशेब आणखी रोकठोक आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी साठा सव्वा युनिटाच्याही आत असतो. त्यावर दिवे, पंखा आणि मोबाइल आरामात चालतात, पण एक टनाचा एसी तासाभरात ती संपवतो. विदर्भातील मे महिन्यात, जेव्हा पत्र्याची भिंत रात्रीही तापलेली असते, तेव्हा मुक्कामी २३० व्होल्टचा प्लग मिळणे हीच खरी सोय ठरते. महामार्गावरचे ढाबे ट्रकवाल्यांना पाणी, बाज आणि जेवण देत आले आहेत आणि त्यांच्या आवारात लांब वाहन वळवायला जागाही असते. शौचालयाची टाकी रिकामी करण्याची जागा मात्र तेथे नसते. ती टाकी शेताच्या धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतणे हा गुन्हा नसता तरी असभ्यपणा ठरला असता, आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हाही आहे.

मुख्य रस्ता सोडल्यावर अडचणी खऱ्या अर्थाने सुरू होतात. गावाच्या वेशीवरचा पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक मोटारीची पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके असा तीनदा झटका देतो, आणि त्या तीन झटक्यांत जोड आधी खाली घासतो, मग वर ओढला जातो. धान वाळत घातलेला अर्धा रस्ता सोडून जाताना मोटार सुटते, पण वळणावर आतून कापणारे ट्रेलरचे चाक त्यावरून जाते. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ट्रॉलीवाला अंदाज घेऊन जाईलही, कारण भरलेली ट्रॉली जड असते आणि उघड्या सांगाड्यातून पाणी निघून जाते. बंद पेटीसारखे हलके घर त्याच पाण्यात तरंगू लागते आणि मोटारीला आडवे ओढते. तेथे पाणी उतरेपर्यंत थांबणे एवढा एकच मार्ग आहे.

तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलावाकाठी पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, आणि महामंडळाच्या अशाच जागांवर कॅरॅव्हॅन थांबवण्याची कल्पना धोरणात मांडलेली होती. ती अमलात आणायची तर पाहुण्यांच्या खोल्यांइतकेच फाटकाच्या रुंदीकडे, सावलीतल्या पक्क्या जागेकडे, जमिनीतून वर आलेल्या विजेच्या खांबाकडे आणि मैल्याच्या टाकीकडे पाहावे लागेल. त्यातही फाटक आधी मोजावे, कारण नियमाप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते आणि तेवढे घर उलटे आत घ्यायचे तर दोन्ही बाजूंना निदान हातभर जागा, शिवाय समोर रस्त्यावर मोटारीला आडवे होण्यापुरती मोकळीक लागते.