माग काढणाऱ्यांचा मागोवा

हिवाळ्यातली पहाट. जयपूरच्या मालवीय नगरमागे झालान्याच्या जंगलाचं फाटक उघडतं, उघडी जिप्सी आत शिरते आणि मफलर गुंडाळलेल्या पर्यटकांच्या नजरा कड्यांवर, झाडांत भिरभिरू लागतात. गाइडची नजर मात्र रस्त्यावरच्या धुळीत. एका वळणावर तो चालकाच्या खांद्यावर हात ठेवतो, गाडी थांबते. धुळीत एक ठसा. कडा ढासळलेल्या, वरून कुठल्याशा किड्याची बारीक रेघ गेलेली. गाइड वाकून पाहतो आणि सांगतो, ‘‘रात का है.’’ बघेरा, म्हणजे इथल्या बोलीतला बिबट्या, कधीच पलीकडे गेलेला असतो.

मागोवा हा शब्द आपण आता सालअखेरीच्या अंकांपुरता ठेवला आहे. त्याचं मूळ मात्र अशा धुळीतच आहे. माग म्हणजे चालून गेलेल्याने मागे ठेवलेली खूण. वाळवंटी मुलखात पावलांवरून चोर किंवा हरवलेला उंट शोधणाऱ्याला पागी म्हणत. जंगलातला गाइड हा त्याच घराण्यातला. आफ्रिकेतल्या सफारी गाइडचं प्रशिक्षण आज जगभर गाजतं, त्यावर कार्यक्रम होतात, त्यासाठी लोक पैसे मोजून जातात. जयपूरच्या परिसरात ही विद्या त्याच्याही आधीची आहे. गेल्या शंभरेक वर्षांत तिने तीन धनी पाहिले: आधी शिकारखाना, मग वनखातं, आता पर्यटक. विद्या तीच राहिली, पण प्रत्येक धन्याने तिच्याकडून वेगळंच काही मागितलं.

पहिला धनी बंदूकवाला. जयपूर संस्थानात शिकारखाना हे वेगळं खातंच होतं. सवाई माधोपूरजवळचं रणथंभोर आणि शहराला खेटून असलेलं झालाना ही राजघराण्याची राखीव रानं. झालान्यात शिकारीसाठी बांधलेली ओदी आजही उभी आहे. तिच्या झरोक्यांतून खालचं रान कसं टप्प्यात येतं, ते पाहिलं की माग काढणाऱ्याचं काम काय होतं ते कळतं. वाघ कुठल्या पाणवठ्यावर आला, दिवसा कुठल्या नाळीत बसला, रेडकू कुठे बांधलं तर तो फिरकेल, हाका कुठून घातला तर तो नेमका ओदीसमोरून निघेल, हे सगळं त्याला आदल्या दिवशी सांगावं लागे. शाळा नाही, पुस्तक नाही. बापामागे चालत पोरगा शिकायचा आणि परीक्षा प्रत्येक शिकारीला व्हायची.

या शिकारखान्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते कर्नल केसरी सिंह. ‘वन मॅन अँड अ थाउजंड टायगर्स’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच त्या काळाचा हिशेब मांडतं. जयपूरच्या आधी ते ग्वाल्हेर दरबारी होते, आणि तिथेच आफ्रिकेचा एक धागा मराठी घराण्याला येऊन मिळतो. माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह मागवले, श्योपूरकडच्या रानात त्यांना वाढवलं आणि मोकळं सोडलं. सिंहांनी आधी गुरं धरली, मग माणसं, आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. वाघाच्या सवयी तोंडपाठ असलेल्या रानात सिंह नवखा होता आणि सिंहालाही ते रान नवखं होतं. त्याच श्योपूर जिल्ह्यातल्या कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे ८ चित्ते उतरले, तेव्हा त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होत्या आणि मागावर राहणारी पथकं आधीपासून तयार होती. सोडलेल्या जनावराचा माग ठेवायला हवा, एवढं तरी मधल्या शतकाने शिकवलं.

शिकारखान्याचा अखेरचा मोठा दरबार १९६१ सालच्या जानेवारीत भरला. इंग्लंडची राणी एलिझाबेथ जयपूरच्या महाराजांची पाहुणी होती. सवाई माधोपूरच्या रानात हाका झाला आणि राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. छायाचित्र जगभर छापून आलं आणि इंग्लंडात टीकेचं मोहोळ उठलं. त्या शिकारीच्या तयारीत राबलेल्यांमध्ये वनखात्यातला एक तरुण नोकरदार होता, फतेहसिंह राठोड. पुढे हाच माणूस रणथंभोरच्या वाघांचा राखणदार म्हणून ओळखला गेला. शिकारीसाठी वाघ हुडकून देणं आणि वाघ जगावा म्हणून त्याला हुडकणं, या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा होता, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

दुसरा धनी कागदवाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याच वर्षीच्या गणनेत देशात १८२७ वाघ मोजले गेले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याचे पहिले संचालक राजस्थानचेच कैलाश सांखला. पहिल्या नऊ प्रकल्पांत रणथंभोर होतं आणि आपलं मेळघाटही. माग काढणाऱ्याला आता वाघ ओदीसमोर आणायचा नव्हता, त्याला वाघ मोजायचा होता. सरोजराज चौधरी यांनी १९६६च्या सुमारास ओडिशात पावलाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली होती. मऊ मातीतला मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरायची, काचेवर रेघ ओढायची आणि ती कागदावर उतरवायची. नराचा ठसा साधारण चौकोनी, मादीचा लांबट. वनरक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी माग काढण्याचे धडे या काचेवर गिरवले.

रेघ ओढणारा हात कितीही कसबी असला तरी वरून येणारा आकड्याचा दाब त्याला चुकत नाही. अलवरकडच्या सरिस्क्यात २००५ साली उघड झालं की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. काच मागे पडली, झाडाला बांधलेला स्वयंचलित कॅमेरा आला आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जाऊ लागला. २००८च्या जूनमध्ये रणथंभोरमधला वाघ हेलिकॉप्टरने सरिस्क्यात नेऊन सोडला. मागकऱ्याची नजर बिनकामाची झाली असं मात्र नाही. कॅमेरा कुठल्या वाटेवर, कुठल्या झाडाला बांधायचा, हे अजूनही तोच सांगतो.

तिसरा धनी तिकीटवाला. रणथंभोर १९८० साली राष्ट्रीय उद्यान झालं. गावं हलली, चराई बंद झाली. त्याचा राग इतका होता की १९८१ साली गावकऱ्यांनी फतेहसिंहांना जबर मारहाण केली. पुढे पर्यटन वाढलं आणि त्याच पंचक्रोशीतली पोरं गाइड आणि जिप्सीचे चालक झाली. मछली वाघीण तर या गाइडांची अर्धी शिदोरीच होती. १८ ऑगस्ट २०१६ रोजी ती गेली, तोवर तिच्या नावावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या होत्या. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं आणि १६ ऑक्टोबरला पुन्हा परवानगी दिली. त्या अडीच-तीन महिन्यांत गाइडांना कळलं की आपली भाकरी थेट वाघाच्या पंजाखालून येते.

आफ्रिकेची तुलना इथे उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत फील्ड गाइडांची संघटना १९९० साली उभी राहिली आणि तिने या धंद्याला पायऱ्या घालून दिल्या. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष फेरीची परीक्षा, प्रथमोपचार. पायी फिरवायचं तर रानात चाललेल्या तासांची आणि मोठ्या जनावरांच्या गाठीभेटींची नोंदवही, वर बंदूक हाताळण्याची वेगळी चाचणी. झिंबाब्वेचा परवाना तर याहून खडतर. उमेदवारीची वर्षं काढून शेवटी रानातच परीक्षा द्यावी लागते. तिथे गाइड पाहुण्यांना घेऊन हत्ती-सिंहांच्या रानात पायी जातो. बंदूक असते, पण ती चालवायची वेळ आली तर आधी आपलंच काहीतरी चुकलं, असं तिथे शिकवतात. गाडीतून जाताना पुढच्या टोकावर खुर्ची बांधून मागकरी बसतो, त्याचे डोळे वाटेवर.

आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत गाडीतून पाय खाली टाकायला बंदी. म्हणून आपल्या गाइडचा कान जास्त तयार होतो. इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. मोर दचकून ओरडला, वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं खाकरलं, टिटवीने कालवा केला, सातभाईंचा थवा झुडपावर एकदम कलकलला, तर कुणी कुणाला पाहिलं आणि ते कुठल्या दिशेला सरकतंय, याचा अंदाज बांधायचा. यातही वानराचं साक्षीपत्र मोराच्या साक्षीपेक्षा वजनदार. मोर कशालाही घाबरतो. वानर सहसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओरडत नाही. बिबट्या स्वतः बोलला तर लाकडावर करवत चालल्यासारखा आवाज येतो.

आफ्रिकी शिस्त आपल्याकडे रीतसर आली ती २००६ साली. टाटांच्या ताज समूहाने दक्षिण आफ्रिकेच्या सफारी कंपनीशी भागीदारी करून बांधवगडला पहिला लॉज उघडला आणि निसर्ग-मार्गदर्शकांना त्या पद्धतीने घडवायला सुरुवात केली. गंमत अशी, की उद्यानाच्या नियमाप्रमाणे गाडीत स्थानिक गाइडही असतोच. म्हणजे एकाच जिप्सीत दोन शाळा. एकाला गवताचं शास्त्रीय नाव ठाऊक, दुसऱ्याला ते गवत कुठल्या महिन्यात सांबर खातं ते. जिथे दोघांचं जमलं तिथली फेरी ऐकण्यासारखी होते. ताडोब्यात गावातल्या बायका गाइड झाल्या त्याही याच दुसऱ्या शाळेतून. मोह, टेंभुर्णी, बांबू ही त्यांच्यासाठी आधी घरची नावं होती, अभ्यासाची नंतर.

झालाना या सगळ्यात सर्वांत धाकटं. जयपूरच्या वस्तीत घुसलेलं वीसेक चौरस किलोमीटरचं रान. एकेकाळी खाणींनी पोखरलेलं, वेड्या बाभळीने भरलेलं. खाणी थांबल्या, बाभूळ काढून गवतं लावली, पाणवठे बांधले. राजस्थान सरकारने २०१७ साली बिबट्यांसाठी वेगळा प्रकल्प जाहीर केला, त्यात जयसमंद, कुंभलगड, माउंट अबूबरोबर झालाना होतं. सफारीही त्याच सुमारास सुरू झाली. २०२२ साली शहराच्या कडेचं आमागडचं रानही सफारीसाठी उघडलं.

झालान्याच्या गाइडचं शिक्षण रणथंभोरपेक्षा वेगळं होतं. इथे वाघ नाही. बिबट्या हाच रानाचा राजा, म्हणून तो दिवसाउजेडी कड्यावर बसलेला दिसतो. अंगावरच्या फुलांच्या मांडणीवरून एकेक ओळखायचा. फ्लोरा, राणा, बहादूर, जलेबी, मिसेस खान ही नावं इथल्या जिप्सीवाल्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात. त्यांचं खाणं मोर, नीलगाईची पोरं आणि शहराच्या कडेची कुत्री, म्हणून गाइडला रानाबरोबर वस्तीचीही खबर ठेवावी लागते. कधी बिबट्या भिंत ओलांडून कॉलनीत उतरतो. त्या दिवशी ज्या माणसाने त्याला चारशे सकाळी पाहिलंय, त्याचं ‘घाबरू नका, वाट मोकळी ठेवा’ हे सांगणं हातात काठी घेतलेल्या जमावालाही ऐकावं लागतं.

पण तिसरा धनी सर्वांत अधीर आहे. महाराज ओदीवर दिवसभर बसून राहत, वनखात्याला आकडा वर्षाकाठी लागे. पर्यटकाला बिबट्या त्याच्या तीन तासांत हवा असतो. ‘साइटिंग झाली का?’ हा एकच प्रश्न फाटकावर विचारला जातो. या घाईत मागकरी पुन्हा हाकेवाला होतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात नेमकं तेच घडलं. गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाघीण आणि तिची पिल्लं कोंडली, चालक आणि गाइडांवर निलंबनाची कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाइडांना माग काढता येत नव्हता असं नाही. तो चांगलाच येत होता म्हणूनच वाघीण सापडली. माग मिळाल्यावर कुठे थांबायचं, हे त्यांना कुणी पक्कं शिकवलं नव्हतं. आणि शिकवलं असेल तर मागच्या बाकावरच्या कॅमेऱ्यांनी ते विसरायला लावलं.

म्हणून माझं मत असं, की गाइडची परीक्षा बिबट्या दिसला त्या फेरीवर घेऊ नये. बिबट्या समोर असला की कुणीही गाइड चांगलाच वाटतो. काहीही दिसलं नाही त्या फेरीत त्याने तीन तास काय दाखवलं, ते विचारावं. तरसाची पांढरट विष्ठा, साळिंदराचा काटा, धोक नावाच्या झाडावरचे नखांचे ओरखडे, नीलगाय रोज एकाच जागी का हगते ते, आणि रात्रीचा तो शिळा ठसा. एवढं त्याला येत असेल तर परवाना द्यावा, नाहीतर एक हंगाम जुन्या गाइडच्या शेजारी बसवावं.

बाकीचं काम तुमच्याकडे आहे, कारण तिसरा धनी तुम्ही आहात. जयपूरला आलात आणि झालान्यात शिरलात, तर गाइडला दहा मिनिटं इंजिन बंद करायला सांगा. आणि बिबट्या न दाखवता ज्याने तुम्हाला परत फाटकावर आणलं, त्या माणसाची बक्षिसी कापू नका.