सोळा आंकड्याची जर्सी

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ८ ऑगस्ट २०२४ रोजीं भारतीय हॉकी संघानें स्पेनवर २-१ असा विजय मिळवून कांस्यपदक पटकाविलें, आणि त्याच सामन्यानें गोलरक्षक पी. आर. श्रीजेश ह्यांनीं आंतरराष्ट्रीय खेळाचा निरोप घेतला. थोड्याच दिवसांत हॉकी इंडिया ह्या संस्थेनें जाहीर केलें कीं, श्रीजेश ह्यांची १६ आंकड्याची जर्सी ज्येष्ठ संघांत यापुढें कोणासही दिली जाणार नाहीं. खेळाडू निवृत्त होतो हें समजतें. आंकडा निवृत्त होतो म्हणजे काय, असें आमच्या वाचकांतील वडील मंडळींनीं विचारल्यास नवल नाहीं.

ह्या प्रथेची एक जुनी कथा कॅनडांतील बर्फावरच्या हॉकीची आहे. १२ डिसेंबर १९३३ रोजीं बोस्टन येथें टोरांटो संघाच्या एस बेली ह्यास प्रतिपक्षाच्या एडी शोर ह्यानें मागून धडक दिली. बेलीची कवटी फुटली. शस्त्रक्रियेनें जीव वाचला, परंतु खेळ कायमचा सुटला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजीं त्याच्या साहाय्यार्थ टोरांटोस सामना झाला, तेव्हां त्याचा ६ हा आंकडा पुन्हा कोणी घालूं नये असें ठरलें. त्याच सामन्यांत खेळावयास आलेल्या शोरशीं बेलीनें सर्वांसमक्ष हस्तांदोलन केलें. आम्हांस त्याहूनही हृद्य वाटतें तें पुढचें. १९६८ सालीं त्याच संघांतील रॉन एलिस ह्या तरुणाचा खेळ बेलीच्या मनास भरला, आणि आपला आंकडा त्यास द्यावा अशी इच्छा बेलीनें स्वतः दर्शविली. एलिस तो आंकडा घालून अनेक वर्षें खेळला.

श्रीजेश ह्यांच्या योग्यतेविषयीं आमचा वाद नाहींच. केरळांतील शेतकऱ्याचा हा मुलगा. गोलरक्षकाचें साहित्य घेण्यासाठीं वडिलांनीं घरची गाय विकली. चार ऑलिंपिक खेळून त्यांतील दोहोंत त्यांनीं पदक मिळविलें. २०२१ सालीं टोकियोस जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असतां अखेरच्या क्षणींचा पेनल्टी कॉर्नर त्यांनीं अडविला. पॅरिसला ब्रिटनशीं दहाच गड्यांनिशीं बरोबरी साधल्यावर शूटआउट जिंकून दिला. गोल करणाऱ्याचें नांव होतें, गोलरक्षकाचे बहुधा चुकलेले चेंडूच लोक मोजतात. अशा माणसाचा गौरव झाला हें फारच उत्तम.

परंतु गौरवाची रीत हीच काय? आपल्या घरांत आजोबांचें नांव नातवास ठेवितात. सासऱ्याचें नांव सुनेनें घ्यावयाचें नाहीं, म्हणून तो मुलगा घरांत बापू नाहींतर अण्णा होतो. तथापि मुंजीच्या पत्रिकेवर तें नांव थाटानें छापलें जातेंच. नांव कोणी फडताळांत ठेवून कुलूप लावीत नाहीं.

दुसरी बाजूही आम्ही जाणतों. २०१७ सालीं श्रीलंकेंत पालघरचा शार्दूल ठाकूर १० आंकड्याची जर्सी घालून क्रिकेटच्या मैदानांत उतरला, तेव्हां सचिन तेंडुलकरांचा आंकडा ह्यानें घेतलाच कसा, म्हणून त्याच्यावर गहजब झाला. बिचाऱ्यास पुढें आंकडा बदलावा लागला. नवशिक्या पोराच्या पाठीवर असें ओझें घालण्यापेक्षां कांहीं वर्षें आंकडा बाजूस ठेवणें शहाणपणाचें, हें आम्हांस मान्य आहे. कांहीं वर्षें, कायमचा नव्हे.

कारण हॉकी इंडियानें ज्युनिअर संघांत १६ आंकडा चालूच ठेविला, आणि त्या संघाचे शिक्षक म्हणून श्रीजेश ह्यांनाच नेमिलें. म्हणजे त्यांच्या हाताखालीं एखादा मुलगा तो आंकडा घालून तयार व्हावयाचा, आणि ज्या दिवशीं तो गुरूच्या जागीं उभा राहण्यास योग्य ठरेल, नेमका त्याच दिवशीं त्यानें तो उतरवावयाचा! आमची सूचना इतकीच कीं, हा आंकडा पुन्हा केव्हां आणि कोणास द्यावयाचा तें ठरविण्याचा अधिकार संस्थेनें श्रीजेश ह्यांच्याकडे सोंपवावा.