आधी नियम, मग चढाई!

मुलांनो, कोपरीच्या मैदानात कबड्डी रंगली की "बाद! लॉबीत गेलास!" "नाही गेलो!" ही भांडणं ठरलेलीच. पण असं भांडण सुवर्णपदकासाठीही झालंय, बरं का!

लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या. चढाईत स्पर्श झाला, तरच तिथे पाय ठेवता येतो.

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८ आणि जेमतेम मिनिटभर खेळ उरलेला! पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता लॉबीत शिरला. त्याला धरायला इराणचे खेळाडूही मागोमाग लॉबीत!

आता बाद कोण? जुन्या नियमाप्रमाणे असे लॉबीत गेलेले सगळेच. प्रो कबड्डीच्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा. पंचांनी निर्णय फिरवले, खेळाडू मैदानातच बसून राहिले. सामना तासभर थांबला. अखेर जुना नियम धरला गेला आणि भारत ३३-२९ असा जिंकला.

पाहिलंत? पवन लॉबीत गेला, हे सगळ्यांनाच दिसत होतं. वाद होता तो नियम कोणता, याचा. म्हणून नाणेफेकीआधीच नियम ठरवून घ्या. मग शिट्टी वाजली की पंचांचं ऐकायचं, निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी!