धुऱ्यावरचा तोल

आषाढात गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली, की डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन चिखलाने निसरड्या झालेल्या वीतभर धुऱ्यावरून जी स्त्री सहज चालत जाते, तिच्या त्या सहजतेमागे डोळे, पायांचे स्नायू-सांधे आणि अंतःकर्ण या तिघांची साक्ष क्षणोक्षणी तपासून निवाडा देणारा मेंदू अखंड जागृत असतो.

अंतःकर्णात ध्वनी टिपणारा शंखाकृती भाग आणि मस्तकाच्या हालचालीची खबर देणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकांस लागून असून, दोहोंचा मजकूर आठव्या मज्जातंतूवाटेच मेंदूकडे रवाना होतो. अंतःकर्णाच्या मेनिएर विकारात हे दोन्ही भाग बाधित होत असल्याने श्रवणदोष आणि भोवळ जोडीने येतात. एका कानाची खबर बिघडली, तरी सरावाने मेंदू नवा हिशेब बसवू शकतो, या तत्त्वावर कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात इंग्लंडात व्यायामक्रम सिद्ध केला.

आभासी वास्तव हे त्याच व्यायामाचे नवे साधन होय: डोळ्यांवर दृश्य दाखविणारा पडदा बांधून रुग्ण सुरक्षित खोलीत उभा राहतो, समोर गजबजलेला बाजार साकारतो, आणि दृश्याचा वेग पायरीपायरीने वाढवीत मेंदूस विसंगत साक्षी पचविण्याची सवय लावली जाते. गेलेली श्रवणशक्ती त्याने परत येत नाही. पाऊल मात्र स्थिरावू शकते.

भोवळीच्या धास्तीने अंथरूण धरून राहू नये. तपासणीसाठी गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे.