‘टफन’ म्हणजे आगीची काच नव्हे! दवाखाना, अभ्यासिका बांधताय? कोटेशनवर सही करण्याआधी हे वाचा

तालुक्याच्या गावी हल्ली नवीन बांधकाम म्हटलं की काच आलीच. दवाखाना असो, पतसंस्था असो की वरच्या मजल्यावरची अभ्यासिका. जिन्याच्या दाराला काच, पार्टिशनला काच. मालकाने विचारलं, “आग लागली तर?” की फॅब्रिकेटरचं उत्तर ठरलेलं, “साहेब, टफन टाकतोय, काळजी नको.”

फसगत होते ती इथेच. टफन काच धक्क्याला मजबूत असते. फुटली तरी तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, त्यामुळे मोठी जखम सहसा होत नाही. दाराला ती चांगलीच. पण ती आगीसाठी बनवलेली नसते. काचेचा एक भाग तापला आणि दुसरा गार राहिला, तर साध्या काचेला साधारण 40 अंशांचा फरकही सोसत नाही, ती तडकते. टफन 200 अंशांच्या आसपासचा फरक सोसते. पण बंद खोलीत पूर्ण भडकलेली आग 600 अंशांच्या पुढे जाते. मग टफनचा अख्खा पल्ला एकदम खाली येतो आणि रिकाम्या चौकटीतून धूर थेट जिन्यात शिरतो.

आणि माणूस बहुतेक वेळा जळण्याआधी धुराने गुदमरतो. भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागली. 10 बाळं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. आगीची काच आग विझवत नाही. बाहेर पडायचा रस्ता काही वेळ मोकळा ठेवणं एवढंच तिचं काम. तो वेळ मिनिटांत मोजतात: 30, 60, 90, 120.

कोटेशनमध्ये या आकड्याच्या आधी इंग्रजी अक्षरं असतात. खरी गोम तिथे आहे. नुसतं ‘ई’ असेल तर काच ज्वाळा आणि धूर अडवते, पण उष्णता पलीकडे येतच राहते. शेकोटीजवळ उभं राहिल्यावर तोंड भाजतं ना, तसं. ‘ईडब्ल्यू’मध्ये ही धग बरीच कमी होते. ‘ईआय’ मात्र उष्णताही रोखते. तिच्या थरांमध्ये एक खास पदार्थ भरलेला असतो. आग लागली की तो फुगतो आणि काच पांढरी, अपारदर्शक होते. चाचणीत ठरलेल्या वेळेपर्यंत पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी 140 अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये, अशी अट असते.

दारातल्या पाहण्यापुरत्या छोट्या काचेला बऱ्याच ठिकाणी ‘ई’ चालते. पण जिन्यालगत मोठी काचेची भिंत असेल आणि तिच्या शेजारूनच पेशंट, पोरं उतरणार असतील, तर ‘ईआय’च घ्या. महाग आहे, टफनच्या कितीतरी पट. म्हणून माझं मत विचाराल तर तिथे काच टाळून विटांची भिंत घाला. स्वस्तही पडेल आणि आगीत जास्त टिकेल. किती मिनिटांची काच लागेल हे मात्र फॅब्रिकेटरने सांगायचं नसतं. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 4 प्रमाणे आर्किटेक्ट आणि अग्निशमन अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. साध्या घराच्या खिडकीला ही काच कोणी गळ्यात मारत असेल, तर हात जोडा.

आता चौकट. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि तासाभराच्या चाचणीत भट्टी 945 अंशांपर्यंत नेतात. म्हणजे भारी काच नेहमीच्या स्लायडिंगच्या सेक्शनमध्ये बसवली तर पैसे पाण्यात. काच, चौकट, रबर, बिजागरी यांची चाचणी एकत्र झालेली असावी लागते. रिपोर्ट मागा आणि त्यात तुमचीच चौकट आहे का ते बघा. दार आपोआप लागणारं हवं. विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं दार कितीही मिनिटांचं असो, धूर अडवणार नाही.

बाहेरच्या ‘एलिव्हेशन’च्या काचेचं उलटं आहे. तिथे उघडणाऱ्या खिडक्या आधी मागा. कोलकात्यातल्या एका खासगी रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 ला आग लागली तेव्हा धूर आतच कोंडला, काचा फोडून रुग्ण बाहेर काढावे लागले. 90 च्या आसपास माणसं गेली.

माप पक्कं झाल्यावरच ऑर्डर द्या, कारण ही काच जागेवर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. काच गाडीतून उतरली की कोपऱ्यातला न पुसला जाणारा शिक्का बघा: कंपनीचं नाव, अक्षरं, मिनिटं. कोटेशनशी जुळवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शिक्का नसेल तर गाडी तशीच परत पाठवा. चौकटीत बसवून बिल चुकतं केल्यावर कोणी ऐकणार नाही.